‘मॉडरेट’ लिहिलंय, पण रात्री झोपायचं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोविडच्या साथीनंतर पुन्हा डोंगरात जाऊ पाहणाऱ्यांसाठी ट्रेक सुचवणारा लेख आला होता, तो आमच्या ग्रुपवर इतका फिरला की मला चार जणांकडून तोच फोटो आला. लेख छान होता, उत्साह वाढवणारा होता, त्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. म्हणायचंय ते त्याच्या शेजारच्या तीन रंगांच्या चौकटीबद्दल. हिरव्यात सोपे, पिवळ्यात मध्यम, लाल रंगात अवघड. आणि पिवळ्यात हिमाचलातला हम्प्टा पास आणि नेपाळातला एव्हरेस्ट बेस कॅम्प एकाखाली एक. लोकांनी लेख वाचलाच नाही हो, चौकट वाचली. ग्रुपवर लगेच सुरू, आपण मॉडरेटवाले, आपल्याला दोन्ही चालतील, सुट्टी कमी आहे तर हम्प्टा करू.

आता हे दोन ट्रेक एका चौकटीत बसतात का बघा. एव्हरेस्ट बेस कॅम्प 5,364 मीटरवर, हम्प्टाची खिंड साधारण 4,270 मीटरवर, म्हणजे हजारभर मीटरने खाली. नुसत्या उंचीवर गेलं तर हम्प्टा सोपा वाटणारच. पण बेस कॅम्पच्या वाटेवर तुम्ही लुक्लाहून निघता, नामचेला 3,440 मीटरवर दोन रात्री काढता, पुढे दिंगबोचेला 4,410 वर परत दोन रात्री, आणि आठेक दिवसांनी बेस कॅम्पला पोचता. शरीराला विरळ हवेला सरावायला वेळ मिळतो. हम्प्टाला लोक रात्रभर बसने मनालीला येतात, मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, त्याच दिवशी चालायला लागतात, दुसऱ्या रात्री 3,600 च्या आसपास झोपतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिंडीत. चार दिवसांपूर्वी ऑफिसात एसीखाली बसलेला माणूस. मी असं नाही म्हणत की हम्प्टा करू नका, सुंदर आहे, एका बाजूला हिरवी दरी आणि खिंड ओलांडली की एकदम लाहौलचा उघडाबोडका डोंगर, असं दृश्य फार कमी ठिकाणी दिसतं. एवढंच म्हणतेय की छोटा म्हणून सोपा हे गणित डोंगरात चालत नाही, कधीकधी छोटा म्हणूनच अवघड असतो.

मुळात सोपं-मध्यम-अवघड हे शिक्के मारतं कोण? जगात पायवाटांचं वर्गीकरण करायच्या पद्धती आहेत. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबची टी1 ते टी6 अशी श्रेणी आहे, टी1 म्हणजे रुंद मळलेली वाट, टी4 च्या आसपास हात टेकवायची वेळ येते, टी6 म्हणजे तिथे सरावलेल्यांनीच जावं. अमेरिकेत सिएरा क्लबने 1930 च्या दशकात क्लास 1 ते 5 अशी पद्धत आणली, एकमध्ये नुसतं चालणं, तीनमध्ये हात-पाय दोन्ही वापरून चढणं आणि पाचमध्ये दोर. या पद्धती चांगल्याच आहेत, पण त्या काय मोजतात? पायाखालची जमीन. जमीन किती उभी, किती सुटी, घसरलात तर काय होईल. तिथे हवा किती विरळ, रात्री किती गारठा, सलग किती दिवस चालायचं, मधून परत फिरता येतं का, यातलं काहीच त्यात येत नाही. बेस कॅम्पची वाट जमिनीच्या हिशोबाने बघितली तर बऱ्यापैकी मळलेली आहे, याक आणि खेचरं रोज जातात. किलिमांजारो 5,895 मीटर, आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर, नेहमीच्या वाटांनी दोर लागत नाही, तंत्र लागत नाही. तरीही दरवर्षी खूप लोक वर न पोचता परत येतात, कारण पाच दिवसांचा पर्याय घेतलेला असतो आणि शेवटच्या रात्री एका दमात बाराशे मीटरच्या आसपास चढायचं असतं. तोच डोंगर सात-आठ दिवसांच्या वाटेने केला तर पोचण्याची शक्यता चांगलीच वाढते. डोंगर तोच, माणूस तोच, फक्त मुक्काम बदलले. आता सांगा किलिमांजारो कुठल्या रंगात टाकायचा?

आणि आपल्या जाहिरातींमधले ईझी, मॉडरेट, डिफिकल्ट तर प्रत्येक आयोजक आपापल्या हिशोबाने लावतो. एकाचं ‘ईझी टू मॉडरेट’ दुसऱ्याकडे सरळ ‘डिफिकल्ट’ असतं. शिवाय ज्याला बुकिंग हवंय तोच अवघडपणा ठरवणार म्हटल्यावर शिक्का कुठल्या बाजूला झुकणार ते सांगायला नको. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून रस्ता ओलांडण्यातला प्रकार आहे हा.

म्हणून माझं म्हणणं असं, की ट्रेक निवडताना शिक्का बाजूला ठेवावा, शिखराची उंचीसुद्धा जरा बाजूलाच ठेवावी, आणि पहिला प्रश्न विचारावा तो झोपायच्या उंचीचा. कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार? उंचीवरच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर ढोबळ नियम सांगतात की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा चढून जा वर, काही हरकत नाही, झोपायला खाली या. हा नियम सगळ्यांना माहीत असतो असं म्हणतात, पण जाहिरातीचं पत्रक घ्या आणि रात्री मोजा, कितीतरी ठिकाणी तो मोडलेला दिसेल, कारण जादा रात्र म्हणजे जादा खर्च आणि लोकांना सुट्टी नाही. लेहला विमानाने उतरलात तर विमानातून बाहेर पडल्यापडल्याच तुम्ही सव्वातीन हजार मीटरच्या आसपास असता, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि साडेपाच हजाराला तो निम्म्यावर येतो. फिटनेसचा याच्याशी फार कमी संबंध आहे, हे लोकांना पटतच नाही. मॅरेथॉन धावणारा आजारी पडतो आणि त्याच्या मागून रमतगमत येणाऱ्या काकू मजेत असतात. उलट फिट माणूस भराभर वर जातो म्हणून जास्त गोत्यात येतो. आधी कधी उंचीवर त्रास झाला होता का, हा प्रश्न ‘रोज किती किलोमीटर धावता’ यापेक्षा जास्त उपयोगाचा, पण बुकिंगच्या फॉर्मवर धावण्याचाच असतो.

दुसरा प्रश्न रोजच्या तासांचा. किलोमीटर सांगतात सगळे, तास कोणी नीट सांगत नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशोब दिला होता तो अजूनही चालतो, दर तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला, म्हणजे सहाशे मीटरला आणखी एक तास. बारा किलोमीटर आणि बाराशे मीटर चढ असेल तर साडेचार तासांच्या आसपास. पण हा हिशोब चांगल्या तयारीच्या माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा, आणि विरळ हवेतला तर नाहीच नाही. ग्रुपमध्ये, पाठीवर सॅक घेऊन, फोटो काढत, चार हजार मीटरवर त्याचे सहज दुप्पट तास धरा. आणि उतार! उतार कोणी अवघडपणात धरतच नाही. चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना गुडघे जातात, ते थांबून परत येत नाहीत.

आता साथीचा विषय, कारण तुमचा लेख त्याबद्दलच होता आणि तिथे मला तो कमी पडला असं वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, प्रवास त्याआधीच सुरू झाला होता, बंधनं गेली, मास्क गेले. पण साथीतून आपण काही सवयी आणि काही वस्तू घेऊन डोंगरात आलोय आणि त्या ट्रेक निवडण्यात आणि करण्यात मध्ये मध्ये येतात, त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

सगळ्यात पहिलं म्हणजे ऑक्सिमीटर. 2020-21 मध्ये घराघरात आलं ते छोटं यंत्र, बोटाला लावायचं, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतं. 94 च्या खाली आलं की धावपळ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ते निघत नाही. आता लोक ते सॅकमध्ये घेऊन येतात. एका कॅम्पवर संध्याकाळी जेवणाच्या तंबूत ते यंत्र हातोहात फिरत होतं, प्रत्येकजण आपापला आकडा मोठ्याने सांगतोय, कोणाचा जास्त यावर चेष्टामस्करी चाललीये. एका मुलाचा आकडा आला 82. तो गप्पच झाला एकदम, चेहरा पडला, त्याला कोपऱ्यात बसवलं, बायकोला फोन लावायला रेंज शोधायला निघाला. आणि त्याच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ, त्यांचा आकडा 91, ते खूश, पण ते दुपारपासून दोनदा उलटी करून आलेले, डोकं धरून बसलेले, आणि म्हणतात कसे, माझा नंबर चांगलाय ना, मला काही नाही झालेलं. आमच्या गाइडने यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने तंबूबाहेर टॉर्चच्या उजेडात जमिनीवर काठीने एक सरळ रेघ ओढली आणि त्या गृहस्थांना सांगितलं, टाचेला बोट लावत लावत या रेघेवर चाला. ते चालले नीट, म्हणून रात्री तिथेच ठेवलं, वर नेलं नाही, सकाळी डोकं उतरलं नव्हतं तर एका पोर्टरबरोबर खाली पाठवलं. ते खाली गेल्यावर संध्याकाळपर्यंत ठणठणीत. आणि 82 वाला मुलगा पूर्ण ट्रेक हसत खेळत करून आला.

यात चमत्कार काहीच नाही. चार हजार मीटरवर नव्याने आलेल्या धडधाकट माणसाचा आकडा ऐंशी ते नव्वदच्या मध्ये कुठेही असू शकतो, बोटं गार पडली असतील तर यंत्र चुकीचं दाखवू शकतं, नेलपॉलिशनेही. घरातला 94 चा नियम हा समुद्रसपाटीच्या जवळच्या आजारी माणसासाठीचा. डोंगरात आधी लक्षणं बघायची. डोकेदुखी, त्याबरोबर मळमळ किंवा उलटी, खूप थकवा, चक्कर. लेक लुईस म्हणून एक गुणांची पद्धत आहे, तिच्यात हेच चार बघतात, आधी झोप न लागणंही होतं पण 2018 मध्ये ते यादीतून काढलं, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच उडते. चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मेंदूला सूज आलीये समजून त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुप्फुसात पाणी, तरीही खाली.

याच्यातच खोकल्याचा घोळ आहे. साथीनंतर ट्रेकवर कोणी खोकलं की दोनच प्रतिक्रिया, एक तर सगळे लांब सरकतात, नाहीतर स्वतः खोकणारा म्हणतो हे थंडीचं आहे, कोरड्या हवेचं आहे. दोन्ही खरं असू शकतं. पण फुप्फुसात पाणी व्हायला लागतं तेव्हाही सुरुवात कोरड्या खोकल्यानेच होते, कधी बारीक तापही असतो, ऑक्सिजनही खाली असतो. म्हणजे कोविड, न्यूमोनिया आणि उंचीचा आजार हे तिघं सुरुवातीला एकसारखे दिसतात आणि तंबूत बसून तुम्ही ओळखू शकत नाही. ओळखायची गरजही नाही, कारण तिघांनाही उपाय एकच आहे त्या क्षणी, उंची कमी करा. पण त्यासाठी खाली जाता येईल असा ट्रेक निवडलेला हवा, त्याच्यावर पुढे येते.

औषधांचंही तेच. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीतून कळलं की ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा होतो, तेव्हापासून हे नाव घरोघरी माहीत झालं. डोंगरातही ते वापरतात, मेंदूला सूज आल्यावर, खाली नेताना, जाणत्याच्या हातून. पण आता लोक ते आधीपासूनच घेऊन चढायला लागलेत, म्हणजे ‘त्रास होऊ नये म्हणून’. या गोळीने शरीर उंचीला सरावत नाही, फक्त लक्षणं दाबली जातात, आणि गोळी वरच बंद केली की सगळं उसळून येतं. डायमॉक्स या दुसऱ्या गोळीचं वेगळं आहे, ती सरावायला मदत करते, तीही डॉक्टरला विचारून, सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर मुद्दाम सांगून. सांगायचा मुद्दा, ज्या ट्रेकचा प्लॅन गोळीशिवाय जमतच नाही तो प्लॅनच मुळात घाईचा आहे, तो मॉडरेट नाही.

आता शरीर. कोविड झालेल्या, विशेषतः हॉस्पिटलमध्ये राहून आलेल्या, छातीत दुखलेल्या, धडधड राहिलेल्या माणसाने हृदयाची तपासणी करूनच उंचीवर जावं, हे डॉक्टर सांगतीलच. मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल, ज्यांना रिपोर्ट सगळे नॉर्मल सांगतात पण आतून काहीतरी बदललंय असं वाटतं. वर्ष दोन वर्षं घरात बसून काम, जिना सुद्धा नाही, त्यातून वय पुढे गेलं. दम परत येतो लवकर, काही आठवड्यांत फरक जाणवतो, पण सांध्यांचे स्नायुबंध (टेंडन) आणि अस्थिबंध (लिगामेंट) इतक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. म्हणून असं होतं की माणसाला वाटतं मी आता फिट झालो आणि तिसऱ्या दिवशी उतारावर गुडघा किंवा घोटा बोलतो. आणि काही जणांना कोविडनंतर एक वेगळाच त्रास राहतो, श्रम केले त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी माणूस आडवा. अशांनी ‘रोज थोडं थोडं वाढवा’ हा सल्ला अजिबात ऐकू नये, रेटलं तर जास्त बिघडतं.

म्हणून ट्रेकची पातळी ठरवायला एक साधी परीक्षा सांगते, माझी स्वतःची काही नाही, बरेच जाणते लोक सांगतात. एक दिवस मोठी चढण करून बघण्यात अर्थ नाही, एक दिवस कोणीही काढतो. सलग दोन दिवस करा, ट्रेकवर जेवढं वजन नेणार तेवढं पाठीवर घेऊन, पाच-सहा तास, चढ आणि उतार दोन्ही. आणि मग तिसरा दिवस बघा, चौथाही बघा. पाय दुखणं वेगळं, ते दुखणारच. पण सकाळी उठताना अंगात काही उरलंच नाहीये, डोकं जड, थोडं चाललं तरी धडधड, असं असेल तर पाच-सहा दिवसांचा कुठलाही ट्रेक, हिरव्या चौकटीतला सुद्धा, सध्या नको. ट्रेक म्हणजे सलग दिवस. खरा अवघडपणा त्या सलग असण्यात आहे आणि तोच कुठल्या चौकटीत दिसत नाही.

यावरून व्हाउचरचा प्रकार आठवला. 2020 मध्ये ज्यांचे ट्रेक रद्द झाले त्यांना बऱ्याच आयोजकांनी पैसे परत न देता व्हाउचर दिले. माझ्या एका मैत्रिणीने तेव्हा खूप तयारीने एक उंच खिंडीचा ट्रेक बुक केला होता, नाव घेत नाही कंपनीचं. मुदत वाढत वाढत गेली आणि मग एकदम मेल आला, अमुक तारखेच्या आत वापरा नाहीतर गेलं, आणि दुसऱ्या सोप्या ट्रेकवर बदलून मागितलं तर फरकाची रक्कम बुडणार. मध्ये तिला कोविड होऊन गेला होता, घरात आजारपणं झाली, व्यायाम सुटला. तरी ती निघाली होती, पैसे वाया जातील म्हणून. तिच्या मुलीने अडवलं. म्हणजे ट्रेक निवडला 2020 च्या माणसाने आणि करायचा होता नंतरच्या माणसाने, आणि मधल्या काळाचा हिशोब फक्त मुदतीच्या तारखेत. अशा वेळी पैसे गेले तर जाऊ द्यावेत हे सांगणं सोपं आहे, मला माहितीये, पण आयोजकांनी तरी सोप्या ट्रेकवर बदलून देताना फरकाची रक्कम का गिळावी?

आता खाली जाता येण्याबद्दल. ट्रेक दोन प्रकारचे, गेलो त्याच वाटेने परत येणारे आणि एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरणारे. पहिल्यात कुठल्याही क्षणी मागे वळलं की तुम्ही खालीच जाताय. दुसऱ्यात खिंडीच्या दिवशी एक अशी जागा येते की मागे जाणं आणि पुढे जाणं दोन्ही सारखंच लांब, आणि हवामान बिघडलं तर तिथेच माणसं सापडतात. ऑक्टोबर 2014 मध्ये नेपाळात अन्नपूर्णा सर्किटच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात, खिंड 5,416 मीटरवर, हुडहुड वादळाच्या उरलेल्या जोराने अचानक हिमवादळ आलं आणि त्या भागात 40 च्या वर माणसं गेली, ट्रेकर्स, गाइड, पोर्टर, स्थानिक. ऑक्टोबर म्हणजे तिथला सगळ्यात चांगला सीझन समजतात आणि हा मार्ग जगातल्या सगळ्यात जास्त चालल्या जाणाऱ्या मार्गांपैकी, लॉज असलेला. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या ट्रेकवर 22 जणांचा गट खराब हवामानात अडकला, त्यातले 9 जण दगावले. या गटातल्या बऱ्याच जणांनी आधी ट्रेक केलेले होते. वाट तीच राहते, पण सहा तासांत तिची पातळी हिरव्यातून लालमध्ये जाते. म्हणून तिसरा प्रश्न, मधून बाहेर पडायच्या वाटा कुठे कुठे आहेत, आणि हवामानासाठी राखीव दिवस आहे का. राखीव दिवस नसलेला ट्रेक म्हणजे गाइडवर दडपण, कारण परतीचं तिकीट सगळ्यांचं काढलेलं असतं. तो बिचारा आकाशाकडे बघतो आणि बाकीचे घड्याळाकडे.

गाइडवरून एक. साथीत डोंगरातली कमाई एकदम थांबली. नेपाळने मार्च 2020 मध्ये एव्हरेस्टचा वसंतातला मोसम रद्द केला, आणि ज्यांचं वर्षाचं पोट त्या दोन महिन्यांवर त्यांच्या हातात काही राहिलं नाही. 2021 मध्ये परत उघडलं तेव्हा नेपाळने एव्हरेस्टसाठी 408 परवाने दिले, तोपर्यंतचा विक्रम, आणि त्याच मोसमात बेस कॅम्पवर कोविडही निघाला. म्हणजे बंद असताना पूर्ण बंद आणि उघडल्यावर एकदम झुंबड. मधल्या काळात कितीतरी जुनी माणसं दुसऱ्या कामाला लागली आणि परत आलीच नाहीत, त्यांच्या जागी नवी मुलं आली. मुलं गुणी आहेत, पण वीस-बावीस जणांच्या गटाला एक अनुभवी गाइड आणि बाकी नवे, हे बरोबर नाही. किती माणसांमागे किती गाइड, आणि त्यातल्या कितींनी हीच वाट याच मोसमात आधी केलीये, हे विचारायला लाजू नये. पोर्टरच्या पाठीवर किती वजन आणि त्याच्या अंगात काय कपडे, हेही बघावं. नेपाळने 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा केला, त्याच्यावर वाद आहेत, मला स्वतःला निर्णय आवडला.

विम्याचं थोडक्यात. प्रवास विमा घेताना उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच पॉलिसी ठराविक उंचीच्या वर काही देत नाहीत, आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च, साथीमुळे रद्द होणं, दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पण बघा. अक्षर बारीक असतं. वाचा तरीही.

तर संपादक महोदय, विनंती अशी. पुढच्या वेळी ट्रेकची चौकट छापाल तेव्हा रंग हवेत तर ठेवा, दिसायला बरे वाटतात, पण प्रत्येक ट्रेकसमोर एवढं द्या: सगळ्यात उंच मुक्काम किती मीटरवर, एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत जास्तीत जास्त किती उंची वाढते, सगळ्यात लांब दिवस किती तासांचा, जादा रात्र कुठे आहे, राखीव दिवस आहे का, आणि मधून खाली उतरायची वाट कुठून. एका ओळीत बसतं हे सगळं. आयोजकांची जाहिरात त्याच पुरवणीत असते, तेव्हा त्यांच्याकडूनच मागून घेता येईल. आणि एखाद्याने नाहीच दिलं तर ती जागा रिकामी सोडू नका, तिथे ‘आयोजकांनी माहिती दिली नाही’ असं छापा.

आपली,
एक वाचक